मडगार्डाचा पदर

आमच्या सोसायटीतले लिमयेकाका माणसाचा चेहरा सर्वांत शेवटी बघतात. आधी पाठ बघतात. पावसाळ्यात सकाळच्या वेळी ते फाटकापाशी छत्री टेकून उभे असतात आणि कोणी सायकलवरून किंवा स्कूटरवरून आत आलं, की ‘या’ नाही, ‘काय म्हणता’ नाही, थेट हुकूम सोडतात, "वळा."

सवयीचे लोक निमूटपणे वळतात. नवख्यांची पंचाईत होते. वरच्या मजल्यावर नागपूरचा एक मुलगा भाड्यानं राहायला आला होता. पहिल्याच आठवड्यात काकांनी त्याला "वळा" म्हटलं, तर त्यानं बिचाऱ्यानं स्कूटरच वळवली आणि आला तसा बाहेर निघून गेला. त्याला वाटलं, पुण्यात सोसायट्यांमध्ये शिरायच्या काही ठरावीक वेळा असतात. दुपारची झोप उरकल्यावर उघडत असेल अशा हिशेबानं तो संध्याकाळी परत आला.

माणूस वळला, की काका त्याच्या पाठीवरचा चिखल वाचतात. "कमरेपासून मानेपर्यंत सरळ पट्टा. म्हणजे मागचं मडगार्ड नाहीच. रंग राखाडी, म्हणजे जिथं खोदून ठेवलंय तिकडून आलात. वेग बरा होता, कॉलरपर्यंत पोचलंय. जा आता, घरच्यांना दाखवा." एवढं झाल्यावर मग ते चेहऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, "अरे, तुम्ही होय!"

काकांची सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात गेली. दुसऱ्यांनी केलेला माल हातात घ्यायचा, उलटासुलटा बघायचा आणि पास किंवा रिजेक्ट म्हणायचं. निवृत्त होताना माणसं घड्याळ, शाल, श्रीफळ घेऊन येतात. काका हे दोन शब्दही घेऊन आले. आमच्या घरचे पोहे एकदा पास झाले आहेत आणि दोनदा रिजेक्ट. सोसायटीच्या गणपतीची आरास दरवर्षी रिजेक्ट होते. त्यांची एकुलती एक मुलगी मेधा, ती खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. तिनं आपलं लग्न आपण ठरवून नवऱ्या मुलाला घरी आणलं, तेव्हा काकांनी त्याला चहा पाजला, अर्धा तास गप्पा मारल्या आणि तो गेल्यावर निकाल दिला, "पास. पण देखरेखीखाली."

आणि मडगार्ड. या एका विषयावर काका जितकं बोलू शकतात तितकं लोक स्वतःच्या मुलाबाळांविषयी बोलत नाहीत. त्यांची स्वतःची सायकल काळी, उंच, जुन्या घडणीची. चेनला कव्हर, मागे कॅरियर, पुढे घंटा, आणि दोन्ही चाकांवर भरभक्कम मडगार्ड. "सायकल कोणीही बनवेल हो," ते म्हणतात. "चाक फिरतं, माणूस जातो, त्यात विशेष काय? चाक फिरल्यावर जे उडतं त्याची जबाबदारी कोण घेतो, ते बघायचं."

ही जबाबदारी काका शेवटच्या टोकापर्यंत नेत. मडगार्ड असलं की चाकानं उडवलेलं पाणी चालवणाऱ्याच्या पाठीवर येत नाही, पण मागून कोणी येत असेल तर त्याच्या तोंडावर उडतंच. म्हणून मागच्या मडगार्डाच्या खालच्या टोकाला काका रबराचा एक लांब तुकडा जोडतात, जवळजवळ रस्त्याला टेकणारा. दुकानदार त्याला फ्लॅप म्हणतात. काका त्याला पदर म्हणतात. "मडगार्डाला पदर हवा. पदराशिवाय मडगार्ड म्हणजे नुसता देखावा."

असा सर्वांत लांब पदर होता सिंधूकाकूंच्या सायकलीला. सिंधूकाकू म्हणजे काकांची पत्नी. मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. दोघं निवृत्त झाल्यावर रोज सकाळी सायकली काढून फिरायला निघायचे. काकू पुढे, काका मागे. हळू चालवणाऱ्यानं पुढे राहायचं, हा काकांचा नियम. नाहीतर मागच्याची फरपट होते. काका सगळ्यांना कौतुकानं सांगायचे, की सिंधूच्या सायकलीला मी स्वतःच्या हातानं पदर करून लावला आहे. त्यावर काकू शांतपणे म्हणायच्या, "लावलाय माझ्या सायकलीला. वाचतो कोणाचा शर्ट ते विचारा."

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. जास्त दिवस अंथरुणावर नव्हत्या, तेवढंच समाधान. त्यांची सायकल काकांनी कामाच्या मावशींच्या मुलीला देऊन टाकली. देताना तिला पदर कसा पुसायचा, उन्हात का ठेवायचा नाही, हे इतक्या तपशिलात सांगितलं की पोरगी घाबरून गेली. नंतर काका एकटेच सायकल घेऊन जायचे. कुठं गेला होतात म्हटलं, की "असंच, चांदणी चौकापर्यंत" म्हणायचे. बोलणं कमी झालं होतं. फाटकापाशी मात्र ‘वळा’ चालू राहिलं, आणि ते चालू आहे तोवर काका ठीक आहेत असं आम्ही समजून चाललो.

मग कानाचं प्रकरण सुरू झालं. काकांना ऐकू कमी यायला लागलं. अर्थात काकांच्या मते त्यांना सगळं ऐकू येत होतं, पुणेकर पुटपुटायला लागले होते. मेधानं कानाचं यंत्र आणून दिलं. घरात ते लावायचे. सायकलवर बसलं की त्यात वारा भरून घूं घूं करतं म्हणून काढून खिशात ठेवायचे. एकदा पौड रस्त्यावर मागून बस आली. ड्रायव्हरनं हॉर्नवर हॉर्न दिले. काका आपल्याच नादात रस्त्याच्या मधे. बस कशीबशी वळली, कोणाला काही झालं नाही, पण ड्रायव्हर खाली उतरून जे बोलला ते काकांना यंत्राशिवायही ऐकू आलं. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी मेधाला कळवलं. रविवारी ती आली, दार लावून बापलेकीचं बोलणं झालं, आणि संध्याकाळी काकांनी खाली बाकावर येऊन जाहीर केलं, "मेधानं सायकल बंद केली."

सोसायटी हळहळली. नळाच्या पाण्यावरून एकमेकांशी न बोलणारी माणसं मेधाला नावं ठेवण्यासाठी एकत्र आली. माझी बायको वैशाली तर म्हणाली, "त्यांचे पायच काढून घेतले की हिनं." काका काही बोलायचे नाहीत. रोज सकाळी पार्किंगमध्ये जाऊन काळी सायकल पुसायचे, चाकात हवा आहे का ते अंगठ्यानं दाबून बघायचे आणि वर यायचे. चालवायची नसलेल्या सायकलीत हवा भरणारा माणूस बघवत नाही. मी तरी त्या वेळी पार्किंगमध्ये उतरणारा जिना सोडून लिफ्टनं जायला लागलो होतो.

अशात मला डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. मी विम्याच्या कचेरीत बसून काम करणारा, पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ. चाला किंवा सायकल चालवा, म्हणाले. चालताना ओळखीचे लोक भेटतात आणि थांबून बोलतात. म्हणून मी सायकल निवडली. पौड रस्त्यावरच्या एका चकचकीत दुकानात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, "सर, ही रोड बाईक बघा. कार्बनचा फोर्क आहे, वेट एकदम कमी, आणि जिऑमेट्री अॅग्रेसिव्ह आहे." भूमिती शाळेतही माझ्याशी तशीच वागली होती. तरी मी घेतली. दिसायला फार देखणी होती हो!

फाटकापाशी काका उभे होते. मला ‘वळा’ म्हणाले नाहीत. सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली, वाकून खालून बघितलं आणि विचारलं, "बाकीची कधी देणार आहेत?"

"बाकीची म्हणजे?"

"मडगार्ड नाही, स्टँड नाही, घंटा नाही, कॅरियर नाही. पूर्ण मिळाली की दाखवा."

"काका, ही रोड बाईक आहे. हिला मडगार्ड नसतं."

"रोडवर चालवायची ना? मग रोडवर पाणी असतं."

"वजन वाढतं म्हणून लावत नाहीत," मी दुकानातल्या मुलाचं वाक्य पुढे केलं.

काकांनी माझ्या पोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. आणि काहीही न बोलता छत्री उचलून निघून गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्याच आठवड्यात पावसानं मला वारज्याच्या पुलाखाली गाठलं. घरी पोचलो तेव्हा पाठीवर जे काही होतं ते मला दिसत नव्हतं, पण रस्त्यातल्या लोकांच्या चेहऱ्यावरून अंदाज आला होता. "वळा," काका म्हणाले. मी वळलो. मागून आवाज आला, "अहो कुलकर्णी, एवढा माल मी सगळ्या नोकरीत एका दिवशी रिजेक्ट केला नव्हता." वैशालीनं शर्ट बादलीत भिजत घातला आणि काकांची बाजू घेतली. त्या दोघांपुढे माझं काय चालणार? मी म्हणालो, "काका, लावू या मडगार्ड."

काकांचा चेहरा उजळला, हे मी तेव्हाच बघितलं होतं. मला वाटलं, विजयाचा आनंद.

रोड बाईकला मडगार्ड लावायचं म्हणजे काय असतं, हे ज्याला माहीत नाही तो सुखी आहे. पहिली अडचण, स्क्रू बसवायला भोकंच नाहीत. साध्या सायकलीला चाकाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या टोकांशी, मडगार्डाच्या काड्या अडकवायला भोकं ठेवलेली असतात. माझ्या सायकलीचा चिमटा सगळीकडून गुळगुळीत. दुसरी अडचण, चाक आणि ब्रेक यांच्यामध्ये जागाच नाही. मडगार्ड आत सरकवावं तर टायरला घासतं. "बोटभरसुद्धा जागा नाही ठेवली," काका म्हणाले. "बनवणाऱ्याच्या घरी पाऊस पडत नसेल."

मग आम्ही दोघं दुकानं पालथी घालू लागलो. चकचकीत दुकानात त्या मुलानं दोन क्लिपांनी अडकवायचं एक चिमुकलं प्लास्टिकचं मडगार्ड दाखवलं. काकांनी ते हातात घेतलं, मुलाला म्हणाले, "हे तुम्ही जेवताना बशीवर झाकण म्हणून ठेवा." आणि परत दिलं. पेठेतल्या एका जुन्या दुकानात काका पूर्वीपासून जात असत. त्यांना येताना बघून मालकानं खुर्ची पुढे केली आणि स्वतः सुस्कारा टाकून बसला. काकांनी त्याच्याकडची मडगार्डं एकेक काढली. काउंटरवर ठेवून एक डोळा मिटून बाक बघितला, नखानं टिचकी मारली, कडेवरून अंगठा फिरवला. पोलादी रिजेक्ट, गंजतात. प्लास्टिकची रिजेक्ट, थंडीत तडकतात. "पुण्यात कुठं एवढी थंडी?" मालकानं विचारलं. "पुढच्या पिढीचं सांगता येत नाही," काका म्हणाले. शेवटी अॅल्युमिनियमची एक जोडी पास झाली. मालकानं हात जोडले, कोणाला ते कळलं नाही.

मडगार्ड पास झालं म्हणून ब्रेक बदलावे लागले. काकांनी लांब हातांचे ब्रेक निवडले, म्हणजे खाली मडगार्डापुरती फट मिळते. ब्रेक बदलले म्हणून त्यांच्या तारा बदलल्या. टायरवरूनही आमचं भांडण झालं. मला थोडं रुंद टायर हवं होतं, खड्ड्यात हाडं खिळखिळी होऊ नयेत म्हणून. काका म्हणाले, "रुंद टायर हवं की मडगार्ड हवं, एक काय ते ठरवा." मी म्हणालो, रुंद टायर. काका म्हणाले, "चूक," आणि आहे तेच अरुंद टायर ठेवलं. भोकांच्या जागी त्यांनी पत्र्याचे चाप वाकवून केले, आतून जुन्या ट्यूबचं रबर लावलं आणि चिमट्याला असे आवळले की कार्बनवर ओरखडासुद्धा उमटला नाही. हे सगळं आमच्या पार्किंगमध्ये, काळ्या सायकलीच्या शेजारी बसून, सुट्टीच्या सकाळी चालायचं. आषाढात सुरू केलं ते गणपती गेले तरी चालूच.

पहिल्या चाचणीला मी सोसायटीच्या फाटकाशीच पडलो. वळताना माझ्या बुटाचं टोक पुढच्या मडगार्डात अडकलं. बाकावरची मंडळी धावली. काका आले, वाकले, मडगार्ड तपासलं, मग माझा पाय हातात घेऊन बुटाचा तळवा बघितला आणि म्हणाले, "मडगार्ड बरोबर आहे. बूट मोठा आहे."

"काका, पाय तेवढा आहे माझा!"

"हं." या एका उद्गारात त्यांनी माझा पाय रिजेक्ट केला. नंतर मुकाट्यानं पुढचं मडगार्ड खालून कापून आखूड केलं. चूक झाली असं म्हणाले नाहीत, पण त्या दिवशी चहा त्यांच्याकडे झाला.

काकांचं तपासणीचं जुनं हत्यार म्हणजे कान. मडगार्ड नीट बसलं का, हे ते चाक फिरवून ऐकत. बारीकशी खरखर, कुठं स्क्रू सैल असल्याची किणकिण. आता मी चाक फिरवायचो आणि ते कान न लावता मडगार्डावर दोन बोटं टेकवायचे, डोळे मिटून. यंत्र खिशात. बोटांनाच ऐकू येतंय अशा चेहऱ्यानं बसायचे. मग म्हणायचे, "डावीकडे, वरचा." आणि खरंच डावीकडचा वरचा स्क्रू सैल निघायचा. मला त्या वेळी त्यांच्याकडे बघणं जड जायचं. चेष्टा सुचत नसे.

शेवटी पदर उरला. एका रविवारी काका वरून लाल रबराची एक गरम पाण्याची पिशवी घेऊन आले. त्यांनी ती कात्रीनं उभी कापली. पिशवी कोणाची होती ते मला माहीत होतं, काकूंच्या गुडघ्याला शेवटी शेवटी तीच असायची. "काका, अहो, ही कशाला?" मी म्हणालो. "पडून होती," काका म्हणाले आणि कापलेला तुकडा मडगार्डाला लावून मापला. तो एवढा लांब होता की रस्त्याला लागायला दोन बोटं कमी.

"काका, एवढा लांब पदर मला काय करायचाय? मी एकटाच तर चालवतो. मागे कोण असतं माझ्या?"

काका पान्यानं नट आवळत होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं विचारलं. तेव्हा ते म्हणाले, "असू द्या," आणि नट आणखी आवळला, आवळायची गरज नसताना.

त्याच दिवशी दुपारी मेधा आली. सोसायटीनं तिच्यावर धरलेला राग माझ्याही मनात होताच. ती गाडी लावत असताना मी तिला गाठलं. म्हणालो, "मेधा, लहान तोंडी मोठा घास नाही, मी वयानं मोठा आहे म्हणून सांगतो. काळजी आम्हालाही आहे. पण त्यांची सायकल अशी एकदम बंद करायला नको होती तू. माझ्या सायकलीवर जीव रमवतायत बिचारे."

मेधानं गाडीचं दार उघडंच ठेवलं. "मी बंद केली? कोण म्हणालं?"

"तेच म्हणाले. सगळ्यांसमोर."

"कुलकर्णीकाका, मी बंद नाही केली. मी म्हटलं, एकटे जाऊ नका. पुढे कोणीतरी ऐकणारं असलं की झालं, हॉर्न वाजला की तो हात करेल आणि बाबा बाजूला होतील. आई होती तेव्हा तसंच तर जायचे. मी त्यांना दोनदा म्हटलं, की सोसायटीत कोणाला तरी विचारा."

"हे आम्हाला नाही सांगितलं त्यांनी."

"कसं सांगतील?" मेधा म्हणाली. "सांगितलं की ते विचारल्यासारखंच होतं. बाबांनी आयुष्यात कोणाला वाटीभर साखर मागितली नाहीये. आई मागायची, दोघांची मिळून."

ती वर गेली. मी पार्किंगमध्ये उभा राहिलो. ‘एकट्यानं’ हा एवढासा शब्द त्यांनी गिळून टाकला होता आणि बदल्यात पोटची मुलगी सगळ्या सोसायटीत वाईट ठरू दिली होती. समोर माझी सायकल उभी होती. मागचं मडगार्ड, त्याचा लाल पदर. आषाढापासून या माणसानं माझ्या पाठीमागे लागून, दुकानदारांशी भांडून, माझे ब्रेक बदलून हे सगळं कोणासाठी केलं, ते मला आत्ता कळत होतं. सोबत न्याल का, हे तीन शब्द म्हणण्यापेक्षा त्यांना हे सोपं वाटलं. मला हसू आलं आणि डोळे पुसायला रुमालही काढावा लागला. दोन्ही एकदम झालं की माणूस फार विचित्र दिसतो. वैशालीनं गॅलरीतून विचारलं, "बरं वाटत नाहीये का?"

आता पंचाईत माझी होती. ‘काका, चला माझ्याबरोबर’ असं म्हटलं असतं तर ते नक्की नाही म्हणाले असते. कणव त्यांनी लांबूनच रिजेक्ट केली असती. दोन दिवस मी विचार केला. तिसऱ्या दिवशी चेहरा शक्य तितका त्रासिक करून त्यांच्या दारात गेलो.

"काका, तुमचं मडगार्ड हलतंय."

"शक्य नाही," काका म्हणाले. यंत्र कानात होतं.

"हलतंय. उभी असताना हलत नाही, मी बसून चालवायला लागलो की हलतं. मला मागे बघता येत नाही. कोणीतरी मागून येऊन बघितल्याशिवाय कळणार नाही."

काका माझ्याकडे बघत राहिले. चेहऱ्याकडे, आणि एवढा वेळ ते पहिल्यांदाच बघत असतील. मग हळूच म्हणाले, "मला मागचा हॉर्न ऐकू येत नाही, कुलकर्णी." ऐकू येत नाही हे त्यांच्या तोंडून आम्ही कोणी ऐकलं नव्हतं.

"तुम्ही बघायचं काम करा. ऐकायचं मी करतो. हॉर्न वाजला की डावा हात काढीन, तुम्ही कडेला व्हा."

"आणि तुम्ही हळू चालवता."

"फार हळू चालवतो. म्हणून पुढे राहीन."

काकांनी थोडा वेळ दाराची कडी उगाच वरखाली केली. "किती लांब गेल्यावर हलतं?" त्यांनी विचारलं.

"खडकवासल्याच्या आसपास."

"मग तिथपर्यंत यावं लागेल," काका म्हणाले. "तपासणी म्हणजे तपासणी. उद्या सहाला."

सकाळी मी खाली उतरलो तेव्हा ते तयार होते. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. पावसाळी दिवसात पांढरा शर्ट घालून सायकलवर निघालेला माणूस मी तोवर बघितला नव्हता. भुरभुर चालू होती, रस्ते ओले होते. मी पुढे, काका मागे. वारजं सोडेपर्यंत प्रत्येक हॉर्नला मी हात काढत होतो, उजवीकडच्या रस्त्यावरच्या हॉर्नलासुद्धा. मागून बस गेली, ट्रक गेला, दुधाच्या गाड्या गेल्या, आणि प्रत्येक वेळी चोरून बघितलं तर काका कडेला सरकलेले. मेधाला काय सांगायचं याचा मी मनात सराव करत होतो, तो हळूहळू थांबवला.

खडकवासल्याला एका टपरीवर उतरलो. काकांनी सायकल टेकवली आणि मी न राहवून त्यांच्याकडे नीट बघितलं. पांढऱ्या शर्टावर पावसाचे थेंब होते, पण चिखलाचा एक ठिपका नव्हता.

"काय काका? हलतंय?"

काकांनी चष्मा पुसला. "नाही," ते म्हणाले. "पण एकदा बघून खात्री होत नसते. रोज बघावं लागेल."

"रोज बघू या," मी म्हणालो.

चहा आला. काका बशीत ओतून फुंकर घालत प्यायले. तलावाकडे बघत होते. जरा वेळानं यंत्र खिशातून काढून कानात घातलं आणि म्हणाले, "मी मागून बोलत होतो. ऐकू आलं का काही?"

मी चपापलो. "नाही हो. वारा होता. काही महत्त्वाचं होतं का? थांबलो असतो."

"छे. असंच. ते झाड पाडलं, तिथं आता इमारत झाली, असलं काहीतरी." त्यांनी बशी खाली ठेवली. "सिंधूलाही ऐकू यायचं नाही. पुढच्याला मागचं ऐकू येतच नाही."

"मग तुम्ही बोलायचात कशाला?"

"ती मान हलवायची," काका म्हणाले.

टपरीवाल्यानं पेले उचलून नेले. काकांनी यंत्र काढून पुन्हा खिशात ठेवलं, बटण लावलं आणि म्हणाले, "चला." परतताना पाऊस थांबला होता, रस्ता मात्र तसाच ओला. मी पुढे झालो. मागून काहीच ऐकू येत नव्हतं, नुसता वारा. थोडं अंतर गेल्यावर मी मान हलवली. मग जरा थांबून पुन्हा एकदा हलवली.